बिब्ब्याच्या सात फुल्या

मला स्वतःला बिब्बा कधी उतला नाही. लहानपणी काटा मोडला किंवा टाच भेगाळली, की आई दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि तेलाचा काळा थेंब सुटला की दुखऱ्या जागी टेकवायची. चटका बसे, तोंडातून हाय निघे आणि दुसऱ्या दिवशी मी पळत असे. काही घरांतल्या माणसांना बिब्बा उततो, म्हणजे सोसत नाही, त्यांची कातडी फोडांनी भरते, सूज चढते, हे मी ऐकून होतो. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे जे घडले ते अजाणतेपणी घडले, असे मला म्हणता येणार नाही.

मी फुटबॉल शिकवणारा माणूस आहे. पाटोद्याच्या शाळेत कवायत-मास्तर होतो तेव्हा एका निवृत्त हवालदाराने आणलेला चामड्याचा चेंडू मी पहिल्यांदा हातात घेतला. त्याच्या पोटातले रबर फुटलेले होते. आम्ही त्यात कडबा भरून खेळलो. नियमांचे पुस्तक इंग्रजीत होते. हेडमास्तर वाचून अर्थ सांगायचे आणि त्यांना ज्याचा अर्थ लागत नसे तो नियम आम्ही पाळत नसू. असे शिकून मी शिकवू लागलो. दोन वर्षांनी बीडच्या पोलीस लाइनीतल्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतले. त्यांना खेळाचा शौक होता. लाइनीचा संघ म्हणजेच जिल्ह्याचा संघ. मी त्याचा उस्ताद झालो. अंगावर वर्दी आली, राहायला लाइनीच्या टोकाची खोली आली.

नदीपलीकडच्या माळावर आमचे मैदान होते. पावसाळ्यात गवत, एरवी खडे. गोलाला बांबू. सगळे शिपाई अनवाणी खेळायचे, घोट्याला जुन्या साफ्याची चिंधी गुंडाळून. त्यांत एक जण धारूरचा होता, शेतकऱ्याच्या घरचा, वय चोवीस-पंचवीस. त्याला मी बॅकच्या जागेवर उभा केला होता. गावाकडे किल्ल्याच्या उतारावर गुरे राखताना दगड घरंगळत आला, की पायाने अडवायची त्याला सवय होती म्हणे. खरे-खोटे मला माहीत नाही. पण समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आला, की हा पुढे धावत नसे. उभा राही. त्या माणसाला कुठे जायचे आहे ते आधी बघे आणि मग पाऊल असे टाकी, की चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबल्यासारखा वाटे. असा बॅक मी पुढे रियासतीच्या, म्हणजे अख्ख्या संस्थानाच्या, संघातही पाहिला नाही.

त्याला नोकरी खेळामुळेच मिळाली होती. त्याच्या घरात सरकारी पट्टा कमरेला बांधणारा तो पहिला. सुट्टीवर गेला, की धारूरच्या बाजारातून वर्दी घालूनच फिरतो, अशी त्याची थट्टा सगळे करायचे.

"कावून बे, घरी धोतर न्हाई का?"

"हाय की. पर धोतराला कोन सलाम करतं?"

असा तो. नाव घेऊन हाक मारली, की पाठ ताठ करणारा.

एका हिवाळ्यात निरोप आला, की राजधानीहून एक बडे अधिकारी आमचा सामना बघायला येणार आहेत. रियासतीचा नवा संघ बांधायचा होता. त्यांची नजर आमच्या बॅकवर होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. मला खासगीत आणखी एक सांगण्यात आले होते: बॅक पसंत पडला तर त्याला घडवणाऱ्या उस्तादालाही बोलावणे येईल. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. रोज संध्याकाळी चेंडूची वादी आवळताना मी मनात सामान बांधत होतो.

त्याला मात्र जायचे नव्हते. एकदा मैदानावरून परतताना तो म्हणाला होता, "उस्ताद, आपलं बीडच बरं. हितून सांजच्याला निघालं तर दुसऱ्या दिशी घरी पोचतं मानूस. तिकडं गेलो तर मेल्यावर खबर यायची." मी हसलो होतो. हे त्याचे बोलणे लक्षात ठेवायला हवे. मी ते वापरले.

सामन्याला दोन दिवस होते. त्याच सुमारास नारायणगडावर यात्रा होती आणि लाइनीतली निम्मी माणसे बंदोबस्ताला गेली होती. त्यांत तोही होता. पायऱ्यांवर गर्दीचा लोंढा आला, हा मागे सरला आणि त्याचा डावा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो लंगडत माझ्या खोलीवर आला. घोटा वांग्यासारखा फुगलेला.

नियम असा होता, की खेळाडूला काहीही झाले तर सरकारी दवाखान्यात न्यायचे आणि डॉक्टर चिठ्ठी देतील तसे वागायचे. उस्तादाने स्वतः इलाज करायचा नाही. डॉक्टर आठ दिवसांची विश्रांती लिहिणार, हे मला उघड दिसत होते. मी दार लोटून घेतले आणि फडताळातला बिब्बा काढला.

"उस्ताद, बिब्बा नगं. आमच्या घरात उततो."

"तुला उतला कधी?"

"मला कवा लावलाच न्हाई."

"मग तुला काय ठाऊक?"

"मायला उतलता. कोपरापातूर हात गेलता तिचा. महिनाभर भाकरी न्हाई थापली."

"ती बाईमाणूस. तुझी कातडी खडकाची आहे."

त्याने पाय पुढे सरकवला. मग म्हणाला, "तुमी म्हनत असाल तर लावा. पर एकच फुली घाला."

मुरगळलेल्या जागी बिब्ब्याच्या तेलाने फुल्या घालतात, एक किंवा दोन. मी घोट्याभोवती सात घातल्या. हात थांबला नाही. त्याने दोन्ही मुठी आवळल्या होत्या आणि तो छताकडे बघत होता. सगळे झाल्यावर त्याने विचारले, "उद्या पळता येईल ना?" त्यालाही खेळायचे होते, हे मला त्या क्षणी कळले. राजधानीला जायचे नव्हते, पण सामना खेळायचा होता. लोक बघायला येणार होते.

सकाळी त्याच्या खोलीतला सोबती मला बोलवायला आला. पाय गुडघ्यापर्यंत चढला होता. घोट्याभोवती पाणी भरलेले फोड होते, एकाला एक लागून. तापाने त्याचे डोळे लाल झाले होते. मी खोबरे आणि तीळ वाटून लेप दिला, जो सगळे देतात. त्याने काही होणार नव्हते. दुपारी त्याला झोळीत घालून दवाखान्यात न्यावे लागले आणि आम्ही त्याच्यावाचून खेळलो. एका गोलने हरलो.

आता मुख्य गोष्ट. पोलिसांत आणि पलटणीत बिब्ब्याचा एक वेगळा उपयोग सगळ्यांना माहीत होता. बंदोबस्त चुकवायचा असेल, बदली टाळायची असेल, तर काही शिपाई मुद्दाम अंगाला बिब्बा लावून घ्यायचे. फोड आले, की दवाखान्याची चिठ्ठी मिळायची. डॉक्टरांनी असे पाय आणि हात पुष्कळ पाहिलेले. त्यांनी घोट्याभोवतीचे काळे डाग बघितले आणि कागदावर लिहून दिले, की जखम बिब्ब्याची आहे, मुद्दाम केलेली दिसते.

तीन दिवसांनी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना कचेरीत बोलावले. त्याला खुर्ची दिली नव्हती. काठीवर भार देऊन तो भिंतीशी उभा होता. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. साहेबांनी त्याला विचारले, "किसने लगाया?"

तो बोलला नाही. माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, हे मला आजही स्पष्ट आठवते. तो वाट बघत होता. उस्ताद इथे उभे आहेत, ते बोलतील, मोठ्या माणसांपुढे आपण आधी तोंड उघडू नये, अशा बेताने तो थांबला होता. मला वाटते, तो फार वेळ थांबला.

साहेब माझ्याकडे वळले. मला काही ठाऊक आहे का, असे विचारले. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, हुजूर." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होते. पण साहेबांनी पुढे विचारले, की सामना चुकवायचे त्याला काही कारण होते का. आणि मी म्हणालो, "राजधानीला जायची त्याची इच्छा नव्हती. तसे तो बोलून दाखवत असे."

हे वाक्य खरे होते. म्हणूनच ते सहज बाहेर आले.

तो मग जमिनीकडे बघू लागला. त्याच आठवड्यात त्याला बडतर्फ केले. कारण लिहिले होते, की कामचुकारपणासाठी शरीराला इजा करून घेतली. वर्दी जमा करून घेताना पट्ट्याचे बक्कल त्याने धोतराच्या सोग्याने पुसले, असे मला जमादाराने सांगितले. मी तिथे नव्हतो. मी त्या दिवशी मुद्दाम मैदानावर गेलो होतो.

मला बोलावणे आले. बॅक नसतानाही माझी माणसे जागा सोडत नव्हती, हे त्या अधिकाऱ्यांना आवडले होते. म्हणजे सात फुल्यांची गरजच नव्हती. हे कळले तेव्हा मी जालन्याला जाणाऱ्या मोटारीत बसलो होतो आणि मांडीवर ट्रंक होती.

पुढची वर्षे मी फार लिहिणार नाही. आधी सुभ्याचा संघ, मग राजधानीतले दोन क्लब, मग रियासतीचा संघ. मुंबईला खेळलो, मद्रासेला खेळलो. लोक म्हणतात, नशीबवान. मला आठवतात ते स्टेशनांवरचे बाक, सतरा माणसांच्या भाकरीची सोय, कोणाची घरची तार, कोण कोणाशी बोलत नाही त्याचा हिशोब. जिंकलो तर खेळाडूंना खांद्यावर घेत आणि हरलो तर मला बोलावत. एका मोसमात तीन क्लबांच्या चालकांनी मला तीन प्रकारे खेळायला सांगितले आणि मी तिघांनाही हो म्हणालो. समोरच्याला हवे ते बोलायची सवय मला साहेबांच्या कचेरीत लागली होती.

माझी एक गोष्ट मात्र प्रसिद्ध झाली. दुखऱ्या पायाच्या खेळाडूला मी कधी मैदानात उतरवले नाही. कोणी नुसता पाय झटकला तरी मी त्याला बाहेर घ्यायचो आणि डॉक्टरांकडे पाठवायचो. स्वतः कोणाच्या पायाला हात लावायचो नाही. मोठे मोठे सामने त्यामुळे गेले. तरी खेळाडू म्हणायचे, असा मायाळू उस्ताद मिळायचा नाही. मी ते ऐकून घ्यायचो. कुठल्या रात्री झोप येत नसे, कुठल्या रात्री येई. खरे सांगायचे तर बहुतेक रात्री येई. त्याचीही मला लाज वाटते.

मग रियासतीचा संघ लागोपाठ दोन मोसम हरला आणि नवा माणूस आला. मला शाल देऊन बीडला परत पाठवले, जुन्याच लाइनीत, जुन्याच संघावर. गुडघे दुखायला लागले होते. मैदान तेच होते, गोलाचे बांबू तेवढे नवे.

आल्यावर आठ दिवसांत ते घडले. सराव चालू होता. हाफ-बॅकला खेळणारा एक जण मध्येच बाजूला जाऊन बसला, म्हणाला काटा मोडला. तेवढ्यात दुसरा ओरडला, "काय बे, बिब्बा लावलास का?" सगळे हसले. बसलेला उठला, शिवी देऊन परत खेळायला लागला. पाचच मिनिटांनी दुसऱ्या कोणाला तरी तेच. मी एकाला जवळ बोलावून विचारले, हे काय आहे.

"ते व्हय उस्ताद? हितं पूर्वी एक धारूरचा बिब्बेवाला व्हता म्हनं. मॅच खेळायला भ्याला अन् पायाला बिब्बा चोपडून बसला. तवापासून कोनी चुकारपना केला की आमी आसं म्हनतो." मग तो जीभ चावून म्हणाला, "तुमच्याच टायमाला असंल की. तुमाला ठाऊक असंल."

मी म्हणालो, हो, ठाऊक आहे. शिट्टी वाजवली आणि सराव तिथेच थांबवला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी धारूरला गेलो. सीताफळांचा हंगाम होता, वाटेवर दोन्ही बाजूंना पाट्या. त्याला शोधावे लागले नाही. मी एका दुकानदाराला नुसते विचारले, पूर्वी पोलिसात होता तो कुठे भेटेल. दुकानदार म्हणाला, "बिब्बेवाला? त्यो काय, लिंबाखाली."

तो पाटीमागे बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून उठला, पाठ तशीच ताठ केली आणि म्हणाला, "या उस्ताद. बसा." मला पोते अंथरून दिले आणि एक पिकले सीताफळ हातात ठेवले. मी ते धरून बसलो.

मी विचारले, "पाय कसा आहे?"

"पाय महिन्यात बरा झाला. नावच तेवढं न्हाई झालं." त्याने धोतर वर घेऊन घोटा दाखवला. सात काळे ठिपके अजून होते, पुसट. "बायको म्हनती, पैंजन घातल्यावानी दिसतं."

मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. नीट बोलता आले नाही. मध्येच एक बाई भाव विचारायला आली, त्याने तिला फळे निवडून दिली, ती कुरकुरत गेली आणि मग तो माझ्याकडे वळला.

"साहेबाफुडं कावून न्हाई बोललात?"

"भ्यालो."

"मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील." त्याने पाटीतली फळे सारखी केली. "तुमी न्हाईच बोललात, मग म्या म्हनलं, आपून बोललो तर उस्तादाला खोटं पाडल्यावानी व्हईल. कोन ऐकनार व्हतं शिपायाचं? नोकरीचं जाऊ द्या. माझा बाप मेला तवा खांदा द्यायला आलेल्या मानसात कोनी तरी म्हनलं, बिब्बेवाल्याचा बाप व्हय? त्या दिशी लई लागलं."

मी म्हणालो, "मी काय करू, सांग."

"हितं लिंबाखाली बोलून काय फायदा? हे मला ठाऊकच हाय. तिकडं बोला. मैदानावर. जिथं पोरं हासत्यात तिथं."

मी परत आलो. पुढच्या सामन्याआधी, संघ रांगेत उभा असताना, बघायला आलेली माणसे बसलेली असताना, मी सगळे सांगितले. बिब्बा मी लावला, त्याने नको म्हटले होते, सात फुल्या, कचेरीत मी काय बोललो ते, सगळे. आवाज चढवून सांगितले, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत जावे. मी थांबलो तेव्हा कोणी हसत नव्हते. खेळाडूंनी माना खाली घातल्या होत्या. मला वाटले, झाले.

सामन्यानंतर मी चेंडूची वादी सोडत होतो. पाठीमागे दोघे जण पाय धूत होते. एक म्हणाला, "उस्ताद बघ कसे हायत. त्या चुकाराचं पाप सोताच्या अंगावर घेतलं. कशाला घ्यावं? एवढा मोठा मानूस." दुसरा म्हणाला, "म्हनून तर मोठे."

मी वळून म्हणालो, "अरे, ते खरं आहे. मीच लावला होता."

दोघेही उठून उभे राहिले. "हाव उस्ताद," त्यांतला एक आदराने म्हणाला, "तुमी म्हनता म्हंजी खरंच की." आणि त्याने माझ्या हातातला चेंडू घेतला, मला ओझे नको म्हणून.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ती थट्टा बंद केली, पण माझ्यासमोर तेवढी. शाळेतल्या एका मास्तरांनी माझ्या मनाच्या थोरपणाबद्दल चार शब्द बोलून हार घालून माझा सत्कार करायचा घाट घातला. मी तब्येतीचे कारण सांगून तो टाळला. कारण पुन्हा खोटेच.

मी परत धारूरला गेलो. सीताफळे संपली होती, म्हणून घरी गेलो. तो अंगणात शेंगा फोडत होता. झाले ते मी सांगितले. तो ऐकत होता. मी त्या दोघांचे बोलणे सांगितले तेव्हा त्याला हसू आले. मोठ्याने हसला. घरातून त्याची बायको बघायला आली.

"म्हंजी माझ्यावर बिब्बा तुमी घातला, अन् आता पापबी माझं तुमीच घेतलं. माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

त्याचे हसू थांबले. शेंगांचा ढीग त्याने माझ्याकडे सरकवला आणि आम्ही दोघे बराच वेळ शेंगा फोडत बसलो.

मग तो म्हणाला, "तुमचं तोंड मोठं झालंय उस्ताद. त्या तोंडातनं काय बी निघालं तरी तुमचीच वाहवा व्हती. तुमी लिवा."

"लिहितो. तुझं नाव घालतो, म्हणजे सगळ्यांना कळेल तू निर्दोष होतास."

"न्हाई." त्याने मान हलवली. "माझं नाव नगं. ज्याला कळायचं त्याला बिब्बा म्हनल्यावरच कळंल. अन् तुमचं तर आजाबात नगं. तुमचं नाव आलं की झालं, पुन्हा तुमीच मोठे. एक मानूस व्हता, त्यानं लावला, अन् इचारलं तवा खोटं बोलला. एवढंच लिवा."

एक माणूस होता. त्याने बिब्बा लावला. सात फुल्या घातल्या. दुसऱ्याने एकच घाला म्हटले होते. विचारल्यावर पहिला खोटे बोलला, आणि दुसरा चुकार नव्हता. त्याला खेळायचे होते.